ताडून पाहावे

खालच्या फळीवरच्या बरणीत
बावीस वर्षं दिवड होती.
चिठ्ठी मीच लिहिलेली,
प्रयोगशाळेत रुजू झालो त्या वर्षी, निळ्या शाईनं :
दिवड. बिनविषारी. जि. परभणी.
कुणी विचारलं नाही.
पाण्यातला साप म्हणजे दिवड,
दुधनाकाठच्या भोयाच्या पोराला
हे कुणी शिकवत नसतं.
जाळ्यात येते, चावते,
दोन शिव्या हासडून सोडून द्यायची.

रेंगे मॅडम नव्या आल्या. म्हणाल्या, बाबाराव, मोजू या.
मला वाटलं, लांबी.
मी टेपही आणला.
पण त्यांनी त्याला नळाखाली धुतलं,
पांढऱ्या ट्रेमध्ये निजवलं, टाचणी घेतली
आणि मधल्या अंगावर, तिरकं,
एकेका खवल्यावरून टोक टेकवत वर चढल्या,
पाठीवरून पलीकडं उतरल्या.
दिवडीला एकोणीस.
इथं पंचवीस.
मला मोजायला लावलं. मी चोवीस म्हणालो.
सम आकडा सहसा येत नसतो, बाबाराव,
कण्यावरची ओळ विसरलात.

दिवडीच्या खवल्यावर मधोमध रेघ असते,
हा सगळा गुळगुळीत, धुतलेल्या पाटीसारखा.
नाकपुड्या पार डोक्यावर, नखाच्या कोरीएवढ्या,
आतून पडदा.
डोळे बारीक, वर बघणारे.
वरच्या जबड्यात, अगदी मागं, खाचेचे दोन दात.
म्हणजे बिनविषारी, हेही मीच
ठोकून दिलं होतं.

आपल्याकडचा नाही हा, मॅडम म्हणाल्या,
पूर्वेकडच्या खाड्यांचा, भातखाचरांचा.
मग परभणीत कसा?
ते बरणीलाच ठाऊक.

रिकामी बरणी उन्हाकडं धरली
तर आतून काचेला चिकटलेला कागद,
बोटभर, शिसपेनची उर्दू.
मॅडमनी फोटो काढला. मी म्हणालो, माणूस आहे माझा.
हमीदुल्ला मास्तर, तहसीलच्या भिंतीला टेकून
निजामाच्या काळातले दाखले वाचून देतात,
पानाला पन्नास रुपये.
माझ्या आज्याचा शाळेतला उताराही त्यांनीच वाचला होता :
सन १३४१ फसली, नाव, बापाचं नाव,
कौम – आणि पुढं थोडी खाडाखोड.
त्या खाडाखोडीपायी शिवकन्याची फाईल
दोन वर्षं समितीकडं पडून आहे.
त्रुटीचं पत्र येतं,
आम्ही कागद जोडतो,
परत त्रुटीचं पत्र येतं.

मास्तरांनी मोबाइल नाकाला लावला.
मदरसे फोकानिया, परभणी... पाणी का साँप...
सन १३५५ फसली... लढाईवरून आलेल्या कुणा कंपाउंडरनं दिला...
आणि ठिकाणावर अडकले.
नुक्ते गेलेत, म्हणाले.
खाली तीन असतील तर पेगू, ब्रह्मदेशातलं.
एकच असेल तर अल्ला जाणे कुठलं.
किती होते, कसं ठरवायचं?
मी कागद वाचतो, बाबाराव,
कागदावरून उडालेलं नाही वाचत.
पैसे घेतले नाहीत. चहा मी पाजला.

मॅडमनी पोटाचे खवले मोजले : एकशे अडतीस.
दुसऱ्यांदा एकशे छत्तीस. तिसऱ्यांदा परत अडतीस.
पुस्तकातल्या एका नावाशी जुळत होतं
पुष्कळसं. शेपटीखाली जुळत नव्हतं.
मग नवी चिठ्ठी लिहिली,
कुळ, गण, आणि जातीच्या नावाआधी
सी. एफ.
हे काय, विचारलं.
म्हणाल्या, ताडून पाहावे.
म्हणजे नक्की नाही?
नाही. पण खोटंही नाही.
असं लिहिलेलं चालतं?
आमच्यात चालतं.

मी नवं स्पिरिट ओतलं.
जुनी चिठ्ठी फाडायला घेतली
तर मॅडमनी हात धरला.
काढायची नसते. चुकलेली असली तरी
बरणीतच राहते, पुढच्याला कळायला पाहिजे
आधी कोण काय समजत होतं.

तर आता आत तीन कागद आहेत.
शिसपेनचा, नुक्ते उडालेला.
मॅडमचा.
आणि माझा, निळी शाई जरा फुटलेली, दिवड,
द ला दिलेला तो लांब शेपटा माझाच,
लांबूनही ओळखू येतो.
झाकणाला व्हॅसलिन लावलं, दाबून बसवलं.
तो वर बघतोय,
नाकपुड्या बंद करून,
पाणी ओसरायची वाट बघावी तसा.